टाकीला आटे नव्हते

चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत मी तीस वर्षं कॉम्प्रेसर फिटर होतो. जमिनीखालच्या ड्रिल मशिनी ज्या हवेवर चालायच्या, ती हवा माझ्या हाताखालून जायची; तिच्या नळ्या जोडायला मी रोज खाली उतरायचो. त्यामुळे हवेच्या बाबतीत कोणी मला शहाणपण शिकवलेलं खपत नाही. निवृत्त होऊन मोहाडीला घर बांधलं, पण ही खोड सोबतच आली. बायको म्हणते, हा माणूस पंख्याची हवासुद्धा तपासून घेतो.

बायको एकोडीकडची, मासोळ्या मारणाऱ्या घरची. तलावात अडकलेलं जाळं सोडवायला तिचा बाप तिलाच बुडी मारायला सांगायचा. श्वास कोंडायचा, खाली जायचं, गाठ सोडायची आणि छाती फुटायच्या आत वर यायचं. साठी जवळ आली आणि एक दिवस शिंगाडे सोलता सोलता तिनं सांगितलं, "एकदा पान्याखाली निवांत बसून पाहाचं हाये. वर याची घाई नसताना." तीस वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही बहुतेक पहिलीच गोष्ट. पुण्याला असलेल्या आमच्या पोरीनं लगेच मालवणजवळच्या एका डायव्हिंगवाल्याकडे आमच्या दोघांच्या जागा धरल्या. मे महिन्याचा शेवट होता, दोन दिवसांनी बोटी बंद होणार होत्या, आणि आमची परतीची गाडी दुसऱ्याच दिवशीची होती. म्हणजे जे काय ते एकाच सकाळी.

सगळं सामान तिथं मिळतं, पोरीनं बजावलं होतं. मी पारावर सांगत सुटलो की दुसऱ्याच्या तोंडातली नळी आपण तोंडात घालत नाही. लोकांना पटलं. खरं कारण वेगळं होतं. ही बाई पाण्याखाली जाणार, आणि तिचा श्वास ज्या जोडातून येणार तो कोण्या अनोळखी माणसानं आवळलेला असणार, ह्या विचारानं मला झोप येईना. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. पण फिटर माणूस भीतीला भीती म्हणत नाही, तो सामान विकत आणतो.

रेग्युलेटर म्हणजे टाकीतली दाबाची हवा सौम्य करून तोंडापर्यंत आणणारं यंत्र. ते टाकीला जोडायच्या दोन जाती असतात. एकीला योक म्हणतात. ती टाकीच्या तोंडावर शिकंज्यासारखी बसते आणि मागून स्क्रू आवळायचा. तिची रबरी रिंग टाकीवर असते, म्हणजे परक्याच्या मालावर. दुसरी डिन. तिला आटे असतात, ती सरळ टाकीच्या तोंडात फिरवून बसवायची आणि रिंग आपल्या रेग्युलेटरवर, आपल्या डोळ्यासमोर. मी पारावर निवृत्त फिटरांची बैठकच बोलावली. चौघांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे एकमत व्हायला वेळ लागला नाही. खाणीत क्लिपवरची नळी सुटली की कशी फणफणत फिरते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक. माझ्या नडगीवर तिची खूण आजही आहे. आटे ते आटे, शिकंजा म्हणजे कामचलाऊ, असं ठरलं. डायव्हिंग सोडून दिलेल्या नागपूरच्या एका माणसाकडून मी डिनचे दोन सेट आणले.

त्या बिचाऱ्यानं विचारलं होतं, कुठं जाऊन राहिले तुम्ही? म्हणाला, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टाक्या योकच्या असतात, आधी फोन करून विचारून घ्या. आणि प्रवासाला निघताना दोन जोड सोबत ठेवा, डिनवर चढवले की योकच्या टाकीला बसतात, मुठीएवढी वस्तू आहे. मी हसलो. खाणीत आम्ही पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो की लाइनीत फालतू जोड घालायचा नाही, गळती तिथूनच सुरू होते. आणि हा गृहस्थ मला फुकटचा जोड घ्यायला सांगत होता. मी त्याला खाणीचं शास्त्र समजावून दिलं. त्यानं ऐकून घेतलं, सभ्य माणूस होता. फोन मीच केला म्हणा डायव्हिंगवाल्याला, पण विचारायला नाही. सेट आमचे आहेत, तुम्ही फक्त टाक्या द्या, असं कळवायला.

बोट किनाऱ्यापासून बरीच आत जाऊन थांबली. आमच्यासोबत जाणारी प्रशिक्षक पोरगी आमच्या मुलीपेक्षा लहान. ती किनाऱ्यावरच सेट पाहायला मागत होती, तर मी पिशवी छातीशी धरली. हात लावू नका म्हटलं, फिटर आहे मी. आता बोटीत मोठ्या थाटात सेट काढला, फडक्यानं पुसला, टाकीपुढे बसलो आणि टाकीच्या तोंडात बोट घातलं. आतून गुळगुळीत. दुसरी टाकी पाहिली, तिसरी पाहिली. एकीलाही आटे नव्हते.

"काका, हा डिन आहे. आमच्या सगळ्या टाक्या योकच्या," ती पोरगी म्हणाली. अगदी हळू म्हणाली, त्याचंच जास्त लागलं. काही टाक्यांच्या तोंडातला तुकडा काढला की डिन बसतो, पण ह्या त्या नव्हेत, तिनं समजावलं. जोड आणलाय का, असंही विचारलं. मी समुद्राकडे पाहिलं. समुद्र छान होता.

आम्ही सामान नको म्हणून कळवल्यामुळे त्यांचे सेट दुसऱ्या बोटीवर गेले होते. त्या पोरीचा स्वतःचा सोडला तर अडीनडीला ठेवलेला एकच इथं होता, योकचा, तोंडात धरायच्या रबरावर कोणाच्या तरी दातांच्या खुणा असलेला. मी म्हणालो परत जाऊ, पुढच्या वर्षी येऊ, नीट तयारी करून. बायकोनं माझ्या तयारीकडे एकदा पाहिलं. "मी जातो," ती म्हणाली, आणि तो सेट उचलून त्या पोरीच्या हातात दिला.

टाकीवरची रिंग मी स्वतः पाहिली. पुसली, परत पाहिली. शिकंजा बसला, स्क्रू आवळला, हवा सोडली, कान लावला. कुठं फुस्स नाही. पारावर ज्याला कामचलाऊ ठरवलं होतं तो जोड बेट्याचा अगदी चोख बसला होता. त्या पोरीनं मागून येऊन सगळं पुन्हा तपासलं, आणि मला राग आला नाही हे लिहून ठेवायला हवं. मग दोघी मागच्या मागे पाण्यात पडल्या आणि दिसेनाशा झाल्या.

मी दोन उत्तम, मजबूत, आटेदार रेग्युलेटर मांडीवर घेऊन बसलो. पाण्यावर बुडबुडे येत होते. बुडबुडे सरकले की मी बोटीच्या त्या कडेला जायचो. एकदा ते दिसेनातच. बोटवाल्याला वेळ विचारली, तो म्हणाला पाच मिनिटं झाली. मी म्हटलं घड्याळ बिघडलंय तुझं. पुन्हा विचारलं, सहा झाली होती. खाली काय चाललंय ते इथून कळत नाही, हाक ऐकू जात नाही, आपल्या हातात काही नाही, आणि वर बसलेल्या माणसाला काम म्हणून एकच, बसून राहायचं. असं बसणं मी जन्मात केलं नव्हतं. मी नेहमी खाली जाणाऱ्यातला.

वीस मिनिटांनी ती वर आली. बोटवाल्यानं ओढून घेतली, मी टॉवेल दिला. चेहरा पोरीसारखा झाला होता तिचा. मासे दिसले का, विचारलं. दिसले म्हणाली. दम लागला का? नाही म्हणाली. मग टॉवेलनं डोळे पुसून तिनं मला नीट न्याहाळलं.

"अजी, तुमचं तोंड पाह्यलं का आरशात?" ती म्हणाली. "खाणीचा भोंगा वाजेपर्यंत तीस वर्षं माहं असंच राहाचं. तुमी वर आल्यावर डब्यात मीठ कमी हाये म्हनून बोलत होते."

दुसऱ्या दिवशी कुडाळच्या स्टेशनवर तिनं डबा उघडला. भाजीत मीठ कमी होतं, मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.