जाऊबाईंच्या वाती

आमच्या थोरल्या जाऊबाई, जानकीबाई, बेरजेला पक्क्या. पण नवस बोलताना उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करून बसल्या. आज आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

भावजी आधीच गेलेले. त्यात देवासात प्लेग आला आणि सहा वर्षांचा भास्कर तापानं फणफणला. जाऊबाईंनी हाटपिपल्याच्या नरसिंहाला शब्द दिला : पोर वाचलं तर दर नरसिंहजयंतीला उपाशी बसून, सूर्यास्ताच्या आत, माझ्या हातानं वाती वळीन. पहिल्या साली अकरा, दुसऱ्या साली एकवीस, पुढं दरसाल मागच्या दोन सालांच्या मिळून होतील तितक्या.

पोर वाचलं.

बत्तीस, त्रेपन्न, पंच्याऐंशी. एवढंच ना, म्हणून मी हसले. सातव्या साली दोनशे तेवीस झाल्या, तेव्हा मी पाटीवर पुढचे आकडे मांडले. अकराव्याला पंधराशे एकोणतीस, बाराव्याला चोवीसशे चौऱ्याहत्तर. दिवसाला जास्तीत जास्त दोन हजार वळून होतात, तेही बोटं सोलून. जाऊबाईंनी पदरानं पाटी पुसली. पुढचं मांडू नकोस, म्हणाल्या.

मी त्यांना पुजाऱ्याकडे नेलं. तो हसला, "भगवान कंई गिणे, बई?" देव मोजत नसेल, पण मी मोजून शब्द दिलाय, असं म्हणून त्या उठल्या.

भास्करला बागलीत कारकुनी मिळत होती. त्यांनी धाडलं नाही. नजरेआड त्याला काही झालं तर? अठरा वर्षांचा मुलगा ओसरीवर नुसता बसून. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघांची कीवही.

बारावं साल उजाडलं. बोटांना राख लावून जाऊबाई पहाटेपासून वळत होत्या. ऊन कलू लागलं तसा भास्कर शेजारी बसला, त्यांनी त्याचा हात झटकला. सूर्य बुडाला तेव्हा पाचशेवर वाती राहिल्या होत्या. जाऊबाई भास्करच्या कपाळावर हात ठेवून बसल्या.

सकाळी तो ठणठणीत उठला, भाकरी खाल्ली. मला वाटलं, सुटली बाई एकदाची.

"आई," तो म्हणाला, "नवस मोडला तरी मी जिवंत आहे. आता तरी जाऊ दे मला."

जाऊबाईंनी कापसाची टोपली पुढं ओढली आणि सरकी काढायला बसल्या.

"पुढच्या साली चार हजार तीन," त्या म्हणाल्या. "वर कालच्या राहिलेल्या. जिवंत आहेस तू, मग मी थांबू कशी?"