आमच्या पेवातली ज्वारी

गुरुलिंगमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शेतात हरभरा बघत होतो. खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच... सुटले. मुरूमला पोचलो तोवर आमच्या लिंगायत रीतीनं मामांना बसतं करून झालं होतं, कपाळावर विभूती, गळ्यात हार. अर्धी बाजारपेठ बंद ठेवून लोक आले होते. माती देऊन परतताना मामांचा मुलगा म्हणाला, "दादा, तुमचं लिहिणं पुरवणीत येतं. अप्पांवर चार चांगले शब्द लिहा." मी बरं म्हणालो. त्याला महिना होऊन गेला. चांगले शब्द आहेत, ते आधी लिहितो.

माझे वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, सासरी आधार म्हणून कुणी नव्हतं. मामा मुरूमच्या सगळ्यात मोठ्या धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते. बाजाराचा दिवस आटोपला की बैलगाडी जुंपून आमच्या गावाला यायचे. अव्वाला ते तंगी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणत. आमच्याकडं घरात कन्नड आणि दारात मराठी, तसं चालतं. नांगरटीला त्यांचे बैल आले, बियाणं त्यांनी निवडून दिलं. निजामाच्या शाळेत उर्दू आलं नाही तर मार बसायचा, म्हणून अलिफ-बे त्यांनीच माझ्याकडून गिरवून घेतलं. ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून तो वाळलाय की नाही हे कसं ओळखायचं, ते मी त्यांच्याकडून शिकलो. आमच्या घरात त्यांच्या शब्दापुढं शब्द नव्हता. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

निजामाचं राज्य जायच्या काही वर्षं आधी आमच्या गावात उंदीर पडले. प्लेग म्हटलं की घरं सोडायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाव कुलपं लावून शेतात गेलं आणि कडब्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. धान्य मात्र मागं राहिलं, कारण ते पेवात होतं. अंगणात माणूस उभा मावेल एवढा खोल खड्डा, आतून सारवलेला, वर दगड आणि मातीनं बंद केलेलं तोंड. वर्षाची ज्वारी त्यात. मी तेव्हा औत हाकण्याएवढा झालो होतो, आणि त्या सालची ज्वारी मीच पेवात उतरून भरली होती.

मामा झोपडीवर आले ते तोंड पाडून. "तंगी, उंदीर पेवात शिरल्यात. ते दाणं पोटात गेलं तर ह्यो पोरगा तुझ्या हाती लागायचा न्हाय. आमच्या पेढीनं माणसं लावलीत. लांब न्हेऊन पुरून टाकतील, एक पैसा घेणार न्हाईत. तू किल्ली दे. तू दिलीस की आळी देती."

अव्वानं कमरेची किल्ली काढून दिली. सख्खा भाऊ मागतोय म्हटल्यावर कोण विचार करतं? आणि मामा म्हणाले तसंच झालं. अव्वानं, म्हणजे गावाच्या अंबव्वानं, दिली म्हणून आमच्या आळीतल्या प्रत्येक घरानं दिली. तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली, पेवं उघडली आणि गाड्या भरून निघून गेली. लोकांनी वर पेढीला दुवा दिला.

पुढच्याच पंधरवड्यात पेढीनं झोपड्यांजवळ पाल टाकून ज्वारी विकायला काढली. येडशीच्या स्टेशनावर रेल्वेनं उतरलेली, बाहेरची, स्वच्छ, असं सांगत होते. भाव ऐकून लोकांचे डोळे पांढरे झाले, पण उपाशी किती दिवस राहणार? कुणी पाटल्या मोडल्या. आम्ही दुभती म्हैस दिली. अव्वानं ती ज्वारी दळली, पीठ परातीत घेतलं, आधणाचं पाणी ओतलं आणि वाफ वर आली तशी ती हात पिठात ठेवून बसून राहिली. पेवात राहिलेल्या ज्वारीला एक उग्र, कुबट वास लागतो. ज्यानं ती खाल्लीय त्याला तो डोळे झाकून कळतो.

"ही रेल्वेची न्हाय," ती म्हणाली. "पेवातली हाय."

मग तिनं भाकरी थापली. दुसरं होतं काय खायला? आणि सांगायची गोष्ट म्हणजे ती ज्वारी खाऊन गावात कुणालाही काही झालं नाही.

वास काही आमच्याच परातीतून आला नव्हता. संध्याकाळी आळीतल्या बायका झोपडीपुढं जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "अंबव्वा, भावानं खाल्लं ते दिसलं. तुझा वाटा किती, ते सांग."

गावकरी तहसीलदाराकडं गेले. लोकांनी आपल्या खुशीनं किल्ल्या दिल्या, गुन्हा कसला, असं तिथून उत्तर मिळालं. पेढीचे मालक म्हणाले, मी कुणाच्या दारात गेलो होतो का? मामा म्हणाले, मी हुकमाचा ताबेदार. म्हणजे जबाबदार कोण, तर किल्ली देणारी माणसं. मला आजही या हिशेबाची चीड येते. मालक लबाड होता, ते कबूल. पण मालकाला आमच्या गावात कुत्रं ओळखत नव्हतं. त्याला कुणी किल्ली दिली नसती. आम्ही किल्ली दिली ती मामांना.

अव्वा चालत मुरूमला गेली. मी बरोबर होतो. ओसरीवरही न चढता ती म्हणाली, "अण्णा, मला ज्वारी नको. तुमी फकस्त गावात या. चावडीपुढं उभं ऱ्हावा आन् म्हना, माझ्या बहिणीला ह्यातलं काय ठावं नव्हतं."

"येतो की," मामा म्हणाले. "जरा निवू दे."

ते निवलं नाही. मामा पुढं त्याच पेढीत भागीदार झाले. निजाम गेला, आम्ही हिंदुस्थानात आलो, आणि आमच्या घरी विरजण मागायला आळीतली बाई आली नाही ती नाहीच. अव्वा तशीच गेली. शेवटच्या आजारातही बाहेर गाडीचा आवाज झाला की विचारायची, "अण्णा आला का रं?"

ती गेल्यावर मात्र मामा दरवर्षी यायला लागले. मी पाया पडायचो, जेवू घालायचो, आणि आतून जळत राहायचो. गेल्या वर्षी न राहवून विचारलं, "मामा, आता तरी सांगता का?"

"कुणाम्होरं सांगू? ती माणसं ऱ्हायली न्हाईत."

"मी आहे की."

त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. ते प्याले आणि गाडी जोडायला सांगितली... आमची शेवटची भेट ही.

आमच्या अंगणातलं पेव आम्ही परत भरलं नाही. त्याच्या तोंडावरचा दगड अजून आहे. मामा घरी आले की त्या दगडावरून कधी चालले नाहीत. भिंतीला खेटून, लांबचा वळसा घालून सोप्यात यायचे. परवा बघितलं तर माझा धाकटा नातूही तसाच भिंतीला खेटून आला. का रे, विचारलं. म्हणाला, "मुरूमचे आजोबा असंच यायचे."

मी त्याला उचलून दगडावर उभं केलं आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ह्याच्याखाली आपली ज्वारी होती. ती मामांनी नेली. माझ्या आईला ठावं नव्हतं."