विकणारा आधी बसतो

दादा लढाईवरून धड परत आला आणि आल्या आल्या त्याला मोटार घ्यायची हुक्की आली. बरं, मोटार तरी साधी असावी? नाही. पुढं दोनच माणसं मावतील अशी, वर टप नसलेली, जमिनीला चिकटून पळणारी शर्यतीची मोटार. इटलीत कुणा गोऱ्या साहेबाची तसली गाडी त्यानं चालवली होती. तेव्हापासून ती त्याच्या डोक्यात बसली होती.

लढाई चालू होती तोवर आईनं म्हसवडच्या सिद्धनाथाला साकडं घातलं होतं. तारवाला गल्लीत दिसला की आमच्या घरात कुणी तोंडातून शब्द काढत नसे, तो पुढं जाईपर्यंत. अशा दिवसांतून सुटलो म्हणावं, तर हा बाबा आपल्या पायानं मरण शोधायला निघालेला! आईला मी म्हटलं, "तू तरी नाही म्हण." आई म्हणाली, "जितं लेकरू परत आलंय. त्येला न्हाई म्हनायला माजी जीभ रेटत न्हाई."

आबांचीही तीच गत. आमचे वडील एरवी शेताच्या बांधावरून भावकीला आडवे येणारे, पण दादापुढं मऊ झाले होते. त्यांनी एकच अट घातली. "गाडी नीट पारखून घ्यायची. मागं काय काय झालंय, कोन कोन बसलंय, समदं इचारायचं. बैल घेताना इचारतो तसं."

गाडी साताऱ्याला होती, एका पेन्शनीत निघालेल्या रावसाहेबांच्या बंगल्यात. आम्ही इस्लामपूरकडचे, आम्हाला ना गाव ओळखीचं ना माणूस. सांगलीहून दादाच्या ओळखीचे एक मिस्त्रीचाचा बरोबर घेतले. आणि कागद इंग्रजीत असणार म्हणून मला घेतलं, कारण आमच्या घरात तेवढं इंग्रजी मलाच येत होतं. मी मनात ठरवूनच गेले होते की कागदात एक जरी खोट सापडली तरी तिथंच आरडाओरडा करायचा.

खोट सापडली नाही. सरकारी तपासणीचे कागद सरळ होते. गाडी एकाच घरात होती, कुठं धडकल्याची नोंद नव्हती. फक्त अलीकडच्या वर्षांत तपासणीच झालेली नव्हती. मी लगेच बोट ठेवलं. रावसाहेब शांतपणे म्हणाले, "गाडी बाहेरच काढली नाही. झाकून ठेवली होती." मिस्त्रीचाचांनी चटई टाकून खाली अंग घातलं, यंत्र चालू केलं, बंगल्यासमोरच्या सपाट रस्त्यावर गाडी पळवून ब्रेक दाबून बघितला. गाडी जागच्या जागी थांबली. चाचा म्हणाले, "इंजन पक्कं हाय. ब्रेक लागतोय. पन लय दिवस उभी गाडी, हळूहळू सवय करा."

माझं काही समाधान झालं नाही. आबांचंही नाही. कागद आणि मिस्त्री त्यांच्या दृष्टीनं वरवरचे. खरी पारख अजून व्हायची होती.

आमच्याकडे बैल घेताना दात बघतात, भोवरे बघतात, चालवून बघतात, पण सौदा त्यावर होत नाही. बैल गाडीला जुंपायचा, उतारावर न्यायचा आणि गाडीत विकणाऱ्यानं स्वतः बसायचं. बैल बुजरा असेल, उतारावर उधळणारा असेल, तर विकणारा बसत नाही. त्याची कंबर धरते, त्याला आठवतं की आज घरी पाहुणे यायचेत. तो बसला नाही की आपण उठायचं. एवढी साधी रीत. आबांच्या उभ्या जन्मात ती खोटी पडली नव्हती.

"आवं रावसाहेब," आबा म्हणाले, "राग मानू नगा. आमचा रिवाज हाय. पोरगं गाडी घाटात घालंल. शेजारी तुमी बसायचं."

मी रावसाहेबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. देवा, नाही म्हणू दे यांना. एकदा नाही म्हणू दे, मी आईबरोबर म्हसवडला अनवाणी चालत येईन.

ते हसले. "बसतो की," म्हणाले. आणि टोपीसुद्धा न घालता उठले.

आबांचा चेहरा उजळला. त्या गाडीला मागं, सामान ठेवायच्या जागी, झाकण उघडून एक माणूस बसेल अशी बैठक होती. मी सरळ त्यात चढले. आबा ओरडले, "उतर खाली! तुजं काय काम हाय तितं?" मी म्हटलं, "ओझं नको का गाडीला?" खरं कारण वेगळं होतं. मी मागं असले तर दादा गाडी बेताबेतानं हाकील असं मला वाटलं. दादा मान वळवून म्हणाला, "बस गं. पन वरडायचं न्हाई." आबा काही बोलायच्या आत त्यानं गाडी सोडली.

यवतेश्वराचा घाट चढताना काहीच झालं नाही. वर पोचल्यावर दादानं गाडी वळवली आणि आम्ही उताराला लागलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पार खाली सातारा. मी डोळे मिटले. मग मिटल्यावर जास्त भीती वाटायला लागली म्हणून उघडले. पुढं रावसाहेब दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. वाऱ्यानं पांढरे केस उडत होते. त्यांनी कशालाही धरलं नव्हतं. एवढं निवांत बसलेलं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्यांच्याकडे बघून मलाच जरा धीर आला. गाडीच्या मालकाला भीती नाही, तर मी बया कशाला मरते, असं मनात आलं.

तेवढ्यात खालून टणकन आवाज आला. दादाचा पाय खाली गेला तो गेलाच. त्यानं हाताचा ब्रेक ओढला, तोही सैल. नंतर कळलं, दोन्ही ब्रेक एकाच तारेवर होते आणि ती तार नळीच्या आत गंजून गेली होती, बाहेरून दिसायला मार्ग नाही. गाडी सुटली. मी "दादा!" म्हणून किंचाळले. तो गिअर पाडत होता, गाडी किंचाळत होती, पुढं वळण दिसत होतं आणि वळणापलीकडं काहीच नव्हतं, नुसतं आभाळ. मला आई दिसली. दारात उभी असलेली, तारवाल्याकडे बघणारी.

दादानं गाडी डोंगराच्या अंगावर घातली. दगडमातीला घासत, उडत, आपटत ती एका घळीत तोंड खुपसून थांबली.

मी बैठकीतून अर्धी बाहेर पडले होते. दादाचा हात मनगटापासून वाकडा झाला होता, पण तो श्वास घेत होता. रावसाहेबांना खरचटलंही नव्हतं. अंगावर माती घेऊन ते तसेच बसले होते, हात मांडीवर. मग दादाकडे वळले आणि हळूच म्हणाले, "थांबवलीस कशाला रे?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तसा माझा तोल गेला. "कशाला म्हंजी? माझा भाऊ हाय तो! आई वाट बघतीया त्याची घरात!"

त्यांनी मागं वळून बघितलं. मी तिथं आहे हे त्यांना तेव्हा आठवलं असावं. "तू मागं होतीस होय गं," म्हणाले, "मी विसरलोच." आणि त्यांनी मला, कालच्या पोरीला, हात जोडले. "माझाही मुलगा लढाईवर गेला होता. तो नाही आला. ही त्याची गाडी. त्याच्या आईनं झाकून ठेवली होती, मग तीही गेली."

घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबलेले आबा आणि चाचा धावत वर आले तेव्हा आबांचा हात रावसाहेबांच्या गळ्याशी जायला निघाला होता. "तुमी बसला म्हनून मी माजं पोरगं बसिवलं!" मी मधे पडले आणि जे ऐकलं ते सांगितलं. आबांचा हात तसाच खाली आला. कपाळ धरून ते रस्त्याच्या कडेला बसले.

गाडी घेतली नाही हे सांगायला नको. दादाचा हात बांधून आम्ही एस.टी. नसलेल्या त्या काळात कुणाच्या तरी मालट्रकनं घरी आलो. आईला एवढंच सांगितलं की पाय घसरून पडला.

त्यानंतरही आबांनी कितीतरी बैल घेतले. रीत तीच, उतार तोच, विकणाऱ्यानं गाडीत बसायचं. फक्त त्याला वर चढवण्याआधी आबा एक प्रश्न विचारायला लागले होते, आणि उत्तर मिळाल्याशिवाय कासरा हातात घेत नसत.

"पावनं, घरी कोन कोन हाय तुमच्या?"