उदासीन अणूंचं व्याख्यान

लातूरच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. मुखेडच्या वाचनालयाने व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा सचिवांना मी फोनवर विषय सांगितला: अवकाशातले वेगवान उदासीन अणू. उदासीन म्हणजे विद्युतभार नसलेले, हे सांगायला हवं होतं. राहून गेलं.

मुखेडला पोचले तर वाचनालयाच्या दारात फळा: ‘उदासीनता : मॅडमचे मार्गदर्शन’.

"अणू लिहिलं की कुणी येत न्हाई," सचिव म्हणाले. "आता बघा, खुर्च्या पुरून न्हाई राहिल्या."

पहिल्या रांगेतल्या एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. ते नुकतेच रिटायर झालेले एसटी कंडक्टर. "घरी बसल्यापासून बोलतच न्हाईत," बाई हळूच म्हणाल्या. "तेवढं बघा."

मी मनाची डॉक्टर नाही, असं माइकवर स्पष्ट सांगितलं. लोकांना तो माझा विनय वाटला. मग मी सरळ विषयालाच हात घातला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात भारित कण अडकून फिरत राहतात. एखाद्याने वाटेतल्या संथ अणूचा इलेक्ट्रॉन घेतला की तो उदासीन होतो. मग चुंबकाचं त्याच्यापुढे काही चालत नाही. तो त्याच वेगात सरळ निघून जातो.

"परत फेरी न्हाई?" कंडक्टरांनी विचारलं. बाई चमकून त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"नाही. उपग्रहावरचं यंत्र असे अणू टिपतं. कुठल्या दिशेने किती आले, यावरून डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जागेचं चित्र तयार होतं."

"म्हंजे कुठं बसला, ते उतरल्यावर कळतं."

"हाव," माझ्याही तोंडून निघालं. वर्गात इतकं नेमकं कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी पाऊण तास प्रश्न विचारले. सचिव आभार मानायला उठले तरी थांबेनात. चहाच्या वेळी बाई जवळ आल्या. मला वाटलं, खूश असतील.

"माझ्याशी दोन महिने शब्द न्हाई," त्या म्हणाल्या, "अन् अणूचं एवढं?"

"अगं, तुला कळायचं न्हाई ते," कंडक्टर म्हणाले.

"न कळायला काय झालं? दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन घेऊन पळाला. त्याला कसला उदासीन म्हणता?"

"त्यानं पळायला घेतला न्हाई. तो आधीपासूनच पळून राहिला होता."

दोघं भांडत पायऱ्या उतरले. मी कप खाली ठेवला, तोवर एक गृहस्थ खुर्ची ओढून समोर बसले.

"मॅडम, आमच्या सासऱ्याचं जरा सांगायचंय."