लेकरं कुठं ठेवायची?

अहमदपूरच्या बसस्थानकावर नांदेडच्या गाडीची वाट पाहत होते, तेव्हा विमलताईंच्या भाचीचा फोन आला. "मावशी गेली…" एवढंच बोलून ती थांबली. मी त्यांनाच भेटायला निघाले होते. गाडी आली, भरली, निघून गेली. मी बाकावरच बसून राहिले. त्याला आता महिना होत आला.

दुष्काळाच्या सालात आम्ही दोघी परदेशी पैशावर चाललेल्या एका अभ्यासासाठी गावोगाव पाहणी करत फिरायचो. घरात मजुरी आली की लेकरांच्या शाळेचं काय होतं, हे पैसे देणाऱ्यांना समजून घ्यायचं होतं. ताई माझ्याहून मोठ्या. नांदेडच्या बौद्ध कुटुंबातल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या. अहमदपूरजवळ एका तलावाच्या कामावर आम्हाला काशी भेटली. आठ-नऊ वर्षांची पोर, कडेवर धाकटा भाऊ. आई सोनाबाई तिथंच खडी फोडायची.

"शाळेत का जात नाहीस गं?" ताईंनी विचारलं.

"ह्यो रडतो. मास्तर म्हंतेत, ह्याला बाहीर ठिवून ये. बाहीर कुठं ठिवू?"

दुसऱ्या दिवशी कामावरच्या खाणीत सुरुंग उडवायच्या आधीची शिट्टी झाली. सगळे लांब पळाले. भाऊ झोळीतच राहिला म्हणून काशी मागं फिरली… पोरगं वाचलं. दगड काशीच्या डोक्याला लागला. आमच्या जीपमधून नांदेडला नेताना तिचं डोकं ताईंच्या मांडीवर होतं. वाटेत, लोह्याच्या अलीकडंच ती गेली.

आमचे प्रमुख भले गृहस्थ होते, तेही हादरले होते. पण म्हणाले, "विमल, आपण पाहायला आलोय. आपणच इथं काही बदललं, तर अभ्यास बिघडतो." ताई सकाळी उठून थेट खाणीत, सुरुंग लावायच्या खडकावर जाऊन बसल्या. "आधी लेकरं लांब न्या, मग उडवा." मुकादम ओरडला, "बाई, काम बंद पडलं तर ह्या बाया खातील काय?" प्रश्न खोटा नव्हता. ताईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात सोनाबाई आली आणि त्यांच्याशेजारी बसली. मग एकेक करत बाकीच्याही आल्या. संध्याकाळी टेकडीपलीकडं पळसाच्या फांद्यांचा मांडव उभा राहिला, लेकरं सांभाळायला एका म्हातारीला मजुरीवर घेतलं, तेव्हा ताई उठल्या.

ते गाव अभ्यासातून वगळलं गेलं. "इथली परिस्थिती आता बदलली," प्रमुख म्हणाले. "मग तेच लिहा ना, साहेब," ताई म्हणाल्या. त्यांची नोकरी तिथंच संपली.

पुढं लातूरचा वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नवे साहेब. ताई लातूरला खोली घेऊन राहिल्या आणि त्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या. शेवटी त्याच गावात शाळेला लागून लहान लेकरांसाठी एक खोली झाली. थोरल्या बहिणी वर्गात, धाकटी भावंडं भिंतीपलीकडं. तिथं लेकरं सांभाळायची ती सोनाबाई. काशीचा भाऊ तोवर त्याच शाळेत शिकून मोठा झाला होता.

लांबून लांबून लोक ती खोली पाहायला यायचे. एकदा एका पाहुण्यानं फार कौतुक केलं. परतताना ताई म्हणाल्या, "पोरीनं मलाच विचारलं होतं गं, कुठं ठेवू म्हणून. मी उत्तर लिहून घेतलं आणि पुढच्या बाईकडं गेले…"

पुण्यानुमोदनाच्या विधीला ताईंच्या नांदेडच्या घरी गेले; उतारवयात त्या तिथंच परतल्या होत्या. माणसं पांगल्यावर भाचीनं चहा टाकला, आणि उकळतं पातेलं उतरवून ओट्याच्या कडेपासून लांब, पार भिंतीला लावून ठेवलं. ही ताईंची सवय. त्या घरात लहान मूल कधीच नव्हतं. तरी ताई गरम भांडं कडेला ठेवू द्यायच्या नाहीत. "कुणाचं तरी येतंच की," म्हणायच्या. भाचीनं दोघींचे कप भरले आणि न बघताच पातेलं पुन्हा भिंतीकडं सरकवलं.