तारेतलं नाव

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. सकाळी ढगाळ. प्राणेशबरोबर इलेक्ट्रॉनिक सिटीला समुद्राखालच्या तारांचं संग्रहालय पाहिलं. जेवण तिथल्याच दर्शिनीत, उभ्याने. येताना उड्डाणपुलावर गर्दी. गुडघा बरा.

चामराजपेटेतल्या शारदाबाईंनी एवढं लिहिलं आणि पेन हातात धरून त्या बसून राहिल्या. रोजच्या नोंदीखाली त्या सही करत नसत. एक ठिपका, एक रेघ आणि तीन ठिपके काढत. रोज लिहायची शिस्त कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरची. ही खूण मात्र नवऱ्याने, गुंडूरावांनी दिलेली.

गुंडूराव तार ऑफिसात होते. बोटं कधी स्वस्थ नसायची. जेवताना टेबलावर वाजवायचे, टिक, टा, टिक टिक टिक. नव्या नवरीने एकदा विचारलं, हे सारखं काय वाजवता?

"तुझं नाव."

"शारदा? एवढंसं?"

"तारेत शब्दाला पैसे पडतात. जवळच्या माणसाचं नाव छोटंच ठेवायचं."

त्या घरात बायकोला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. सासूदेखत, पाहुण्यांदेखत आपल्याला हाक मारतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही, या सुखाने शारदाबाई चाललेलं बोलणं तिथेच सोडून देत. सिस्टरनी शाळेत शिकवायला बोलावलं, तेव्हाही त्यांनी जेवताना विषय काढला होता. टिक, टा, टिक टिक टिक. त्यांना भरून आलं. पुढचं बोलायचं राहिलं, आणि मग राहूनच गेलं. छोटा प्राणेश समोर बसून खुदकन हसायचा. अम्माचं नाव ऐकून पोर खूश होतं, असं त्यांना वाटे.

गुंडूरावांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. संग्रहालयाची बातमी शारदाबाईंनीच पेपरात वाचली आणि मुलाच्या मागे लागल्या. प्राणेश दोन रविवार टाळत होता. का, ते त्यांना आज कळलं.

एका निवृत्त इंजिनियरने जुन्या गोदामात ते सगळं मांडलं होतं. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेचा कापलेला तुकडा होता: मधे तांबं, त्यावर झाडाच्या चिकाचा थर, वरून लोखंडी तारांचा पीळ. माहिती सांगणारी रूपश्री घरी मराठी बोलणारी होती. ती म्हणाली, एवढ्या समुद्रातून येताना संदेशाचा जीव इतका बारीक होई, की त्याचा आवाजसुद्धा निघत नसे. एक काचेची नळी कागदाच्या पट्टीवर शाईची थरथरती रेघ ओढत जाई. ठिपका म्हणजे रेघ वर, लांब खूण म्हणजे खाली.

पाहुण्यांसाठी तसंच एक यंत्र ठेवलं होतं. शारदाबाईंनी पदर सारखा केला आणि आपलं नाव पाठवलं. रेघ एकदा वर गेली, एकदा खाली, मग तीनदा वर. त्यांनी पट्टी रूपश्रीच्या हातात दिली.

"अज्जी, हे नाव नाही," रूपश्री म्हणाली. "ही 'थांबा'ची खूण. समोरचा पाठवत सुटला आणि आपल्याला सवड नसली, की ऑपरेटर हे वाजवायचे."

तिने भिंतीवरचा तक्ता दाखवला. शारदाबाईंचं इंग्रजी चांगलं. त्यांनी ती ओळ वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. प्राणेश दूर उभा राहून तारा टाकणाऱ्या बोटींचा फलक फारच मन लावून वाचत होता.

"प्राणेश, अप्पांनी तुला शिकवलं होतं ना रे हे?"

"स्वल्प."

"मग मला सांग, हे काय आहे?"

"गंमत होती, अम्मा. सांगू नकोस म्हणाले होते."

"तेव्हा तू चड्डीत होतास. आता तुला टक्कल पडलंय."

रूपश्री हळूच दुसरीकडे गेली. प्राणेशने खाली बघत सांगितलं, की अप्पांच्या ऑफिसातल्या मित्रांनाही ठाऊक होतं. म्हणजे रविवारी कॉफीला येणारे ते सगळे. शारदाबाई त्यांना चकल्या वाढत, गुंडूराव बशीवर वाजवत आणि मंडळी मान खाली घालून हसत. किती प्रेमळ माणसं, असं त्यांनी डायरीत लिहिलंही होतं.

गाडीत त्या एकदाच बोलल्या. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये गुंडूरावांची वाचा गेली होती. कोण आलंय ते कळावं म्हणून शारदाबाईंनी त्यांच्या तळहातावर बोटाने नाव वाजवलं होतं. त्यांनी डोळे उघडले आणि ते हसले.

"मला ओळखलं म्हणून हसले, असं इतकी वर्षं धरून बसले होते मी," त्या म्हणाल्या. "कशाला हसले असतील रे?"

काही बोलायला म्हणून प्राणेशने स्टिअरिंगवरचं बोट उचललं आणि परत ठेवलं.

आता नोंदीखालची जागा रिकामी होती. पेनाचं टोक सवयीने तिथे गेलं. शारदाबाईंनी ते मागे घेतलं, एक ओळ वर नेलं आणि नोंदीला जोडूनच पुढचं लिहिलं.

रात्री सारू-भात केला. सारात मीठ घालायचं राहिलं. प्राणेश जेवला, काही बोलला नाही.