गोंदलेला हात

"घासू दे गं मला. मळ आहे हा, निघेल."

साहेबानं स्पिरिटचा बोळा माझ्या आईच्या मनगटावर असा रगडला की कातडी लालभडक झाली. डोंगराच्या पायथ्याला खापर गावात एका हॉलमध्ये आमच्या कंपनीनं घड्याळं तपासायला डोंगरातल्या बायका बोलावल्या होत्या. हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळं. त्यांचा सेन्सर बनवणाऱ्या टीममध्ये मी इंजिनियर होते, साहेब माझा वरिष्ठ. ही माझी आई, हे त्याला सकाळीच सांगितलं होतं.

आईचा हात कोपरापर्यंत गोंदलेला. आम्हा डोंगरातल्या लोकांत बाई मेली की अंगावरची चांदी उतरवून घेतात, गोंदण तेवढं सोबत जातं.

घड्याळात आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा. ठोके नाहीत.

"अरे, म्हातारी मेली की काय?" साहेब हसला.

बायका गोळा करून आणणारा एजंट दात काढत म्हणाला, "हात धुई ये वं माय, मळ कितला शे!"

आणि आई उठली. खरंच हात धुवायला निघाली! कुणी घाण म्हटलं की आपणच घाण, हेच शिकवलंय आम्हाला. माझं डोकं फिरलं. मी साहेबाचा हात धरून असा पिरगाळला की बोळा गळून पडला.

"सोड! वेड लागलं का तुला?"

"मळ नाही तो. गोंदण आहे."

त्याला काय माहीत नव्हतं? घड्याळ हिरवा उजेड कातडीत सोडतं. आत रक्त उसळेल तसा परतणारा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून ठोके कळतात. गोंदणाची शाई तो उजेड गिळते. काळी कातडीही बराच खाते. नुसत्या गोऱ्या मनगटांवर तपासू नका, म्हणून ऑफिसात घसा फोडला मी. "आपलं गिऱ्हाईक वेगळं आहे," वरचे लोक म्हणाले. आणि आता हीच घड्याळं सातपुड्यातल्या गरोदर बायकांना बांधायची. एखादीचा जीव जात असेल तेव्हा हे डबडं काय सांगणार होतं?

साहेब मनगट चोळत म्हणाला, "असले हात चाचणीतून काढून टाक. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"काढू? कुऱ्हाड आणू का?"

मी टेबल उलथवलं. घड्याळं फरशीवर सांडली. एक टाचेखाली घेतलं आणि काच चुरा होईपर्यंत दाबलं. एजंट भिंतीला चिकटला. हसत नव्हता आता.

आई दारात थांबली होती. आमच्या बोलीत हळूच म्हणाली, "धुऊ का गं?"

"नाही धुवायचा!" मी तिच्यावरही ओरडले. रडूच आलं मला, रागानं.

गेली नोकरी. जाऊ दे, मेली. हिरव्याच्या जोडीला कातडीत खोल शिरणारा दुसरा उजेड लावून मी सेन्सर बनवणार आहे, आणि तो आधी आईच्या हातावर बांधणार आहे. तोवर यांचं एकही घड्याळ डोंगरात चढू देणार नाही. आणि आमच्या बाईच्या अंगाला पुन्हा कुणी बोळा लावलाच, तर त्या वेळी हात नुसता पिरगाळणार नाही. मोडीन.